ड्रायस

ड्रायस : गुलाब कुलातील (रोझेसी) सदाहरित, जमिनीसरपट वाढणाऱ्या क्षुपांची प्रजाती (जवळच्या जातींचा गट). आर्क्टिक प्रदेशात आणि आल्प्ससारख्या उंच पर्वतांवर ती आढळते. आयर्लंडच्या बरेन भागात मात्र थेट समुद्रसपाटीपर्यंत उतरते. तिला चुनखडीची जमीन मानवते. ‘ड्रायस ऑक्टोपेटाला’ ही सर्वपरिचित जाती. तिचे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध केले. दंतुर पाने ओकच्या पानांची आठवण करून देतात, म्हणून ग्रीक पुराणातील ओकवासी वनदेवतांचे नाव प्रजातीला मिळाले. ‘ऑक्टोपेटाला’ म्हणजे आठ पाकळ्यांची. प्रजातीत जाती किती, हा जुना वाद आहे. पानांवरील लव व ग्रंथी यांच्या बारीक फरकांवरून काहींनी डझनाहून अधिक जाती मानल्या, काहींनी मोजक्याच. त्यांच्यात संकर होतात हे पाहता मोजक्या जाती मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पाने एक-दोन सेंमी. लांब, चिवट, कडा खाली वळलेली, खालून पांढऱ्या लवेने दाट भरलेली. हाच चिवटपणा भूविज्ञानाच्या कामी आला. दक्षिण स्वीडनमधील हिमकालीन चिकणमातीत टिकून राहिलेली ही पाने स्वीडिश शास्त्रज्ञ नाटहोर्स्ट यांना १८७० मध्ये ओळखता आली; थंड प्रदेशातील या वनस्पतीची पाने म्हणजे तेव्हाच्या थंडीची खूण. पुढे १९०१ मध्ये डेन्मार्कमधील आलेरोड येथील वीटभट्टीच्या खाणीत डॅनिश संशोधक हार्ट्झ व मिल्थर्स यांनी ड्रायसची पाने असलेल्या अशा थंडीच्या मातीच्या दोन थरांमध्ये उबदार काळाचा सेंद्रिय गाळ दाखवला. त्यावरील थराचा काळ तो ‘यंगर ड्रायस’ (नंतरचा ड्रायस काळ), अंदाजे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा. हवामान ऊबदार होत असताना थंडी अचानक का परतली? वितळलेल्या हिमाचे गोडे पाणी उत्तर अटलांटिकमध्ये शिरून सागरी अभिसरण (उष्णता वाहून नेणारे सागरी प्रवाह) मंदावले, हे मत अधिक ग्राह्य मानले जाते. २००७ मध्ये पुढे आलेल्या धूमकेतूसारख्या अंतराळीय वस्तूच्या आघाताच्या मताला तितकासा आधार मिळालेला नाही.

ऑक्टोपेटालाची पांढरी, वाडग्यासारखी फुले दिवसभर सूर्याकडे तोंड वळवतात. आतील हवा बाहेरच्यापेक्षा उबदार राहते आणि कीटक तेथे ऊब घेत बसतात. फळधारणेनंतर पिसांसारखे लांब किंजल (बीजकोशावरचे दांडे) आधी एकत्र पिळलेले असतात, मग सुटे होऊन वाऱ्यावर तरंगतात. ‘ड्रायस ड्रमंडी’ या जातीच्या मूलगाठींतील फ्रँकिया सूक्ष्मजीव नायट्रोजनाचे स्थिरीकरण करतात, म्हणजे हवेतील नायट्रोजन वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात आणतात. हिमनदी मागे सरल्यावर उघड्या पडलेल्या अलास्कातील ग्लेशियर बे येथील खडीवर ती लवकर जम बसवते.

ऑक्टोपेटाला हे आइसलंडचे राष्ट्रीय फूल आहे. खडकबागांतही ती लावतात.