दादांचा कोणता पिच्चर भारी? मराठवाड्यातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चार माणसं चहाला बसली आणि विषय दादा कोंडक्यांवर गेला, की मराठवाड्यात एकमत होत नाही. एक जण ‘सोंगाड्या’ म्हणतो, दुसरा ‘एकटा जीव सदाशिव’, तिसरा या दोघांना वेड्यात काढून ‘पांडू हवालदार’चं नाव घेतो. पासष्टीच्या पुढचे लोक सिनेमाच्या तंबूत पाहिलेल्या दादांबद्दल बोलत असतात, चाळिशीचे केबलवरच्या, आणि पोरं मोबाइलवरच्या दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांबद्दल. तेव्हा वाद मिटायचं कारणच नाही.

त्यात एक गोम आहे. ‘डायरेक्टर म्हणून दादांसारखा दुसरा झाला नाही’ असं म्हणून लोक जे दोन सिनेमे पुढे करतात, त्यांचे दिग्दर्शक दादा नव्हतेच. ‘सोंगाड्या’ (१९७१) आणि ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२) हे दोन्ही गोविंद कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केले. दादा स्वतः दिग्दर्शनात उतरले ते १९७५ च्या ‘पांडू हवालदार’पासून. हे सांगितलं की समोरचा जरा थांबतो आणि म्हणतो, “ते नाव कागदावर असंल हो, पिच्चर दादाचाच की.” त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. ‘सोंगाड्या’चे निर्माते दादाच होते आणि त्यातल्या विनोदाची घडण त्याआधी कितीतरी वर्षं रंगमंचावर चालली होती.

दादांचा जन्म १९३२ चा, नायगावच्या गिरणगावातल्या कुटुंबातला. बँड, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, ‘खणखणपूरचा राजा’सारखी लोकनाट्यं असं करत ते वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’पर्यंत आले. १९६५ पासून या लोकनाट्याचे दीड हजारांच्या वर प्रयोग झाले. त्यात दादा हवालदार होते. पुढे दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा हातात घेताना त्यांनी अंगावर पुन्हा तोच गणवेश चढवला, हे मला योगायोगापेक्षा हिशेबाचं वाटतं. रंगमंचावर पक्क्या झालेल्या माणसावरच त्यांनी पैसे लावले. आशा भोसल्यांनी ‘विच्छा’ पाहून भालजी पेंढारकरांना दादांचं नाव सुचवलं, त्यातून १९६९ मध्ये ‘तांबडी माती’ आला. ‘सोंगाड्या’चं लेखन पुन्हा सबनीसांचं. त्याच्या मुंबईतल्या प्रदर्शनाच्या वेळी दादरच्या कोहिनूरचं प्रकरण झालं, देव आनंदच्या सिनेमासाठी दादांना थिएटर नाकारलं गेलं आणि बाळासाहेब ठाकऱ्यांनी त्यात उडी घेतली. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

ही मुंबईची गोष्ट झाली. आमच्याकडे दादा इतके घरचे कसे झाले, याचं मूळ जुनं आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. पुण्या-मुंबईत मराठी नाटक-सिनेमाची जी सवय लोकांना लागली, ती इथं उशिरा आणि तुकड्यातुकड्यानं आली. पण हसवणारा माणूस इथं कधीच परका नव्हता. पैठणच्या एकनाथांची भारुडं गावोगाव होत होती. जत्रेत तमाशाचे फड उतरत होते, आणि फडात गण-गवळण झाली की बतावणीत सोंगाड्या येऊन समोरच्याच्या प्रत्येक वाक्याचा भलताच अर्थ लावत होता. भारुडालाही दोन अर्थ असतात, वरचा संसारातला आणि आतला परमार्थाचा. दादांनी तीच रचना उलटी घातली. वरचा अर्थ इतका साळसूद, की सेन्सॉरला बोट ठेवायला जागा नाही. आतला काय, तो ज्याचा त्यानं लावायचा. कीर्तनकारांना ही जोडी आवडणार नाही, पण मांडी घालून हे ऐकणारा माणूस एकच होता.

आणि तो बसायचा तंबूत. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल यांच्या बाजाराबरोबर तिथं तमाशाचे फड आणि टुरिंग टॉकीजचे तंबू लागायचे. दिवसा जीपवर भोंगा बांधून गावोगाव पुकारा व्हायचा. रात्री बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला, खाली माती. मशीन एकच असेल तर रीळ बदलायला खेळ थांबायचा, आणि तेवढ्या वेळात मागचा सीन लोक आपसात पुन्हा करून बघायचे. दादांचा सिनेमा या खोळंब्याला पुरून उरायचा. त्याची बांधणीच छोट्या-छोट्या बतावण्यांची; कुठंही तोडा, पुढचा तुकडा आपल्या पायावर उभा राहतो. मोबाइलवर आज त्याचेच तुकडे इतके चालतात, त्यामागंही हेच असावं.

पहिले दोन सिनेमे ज्या काळात आले, तो काळ मराठवाड्याला विसरता येत नाही. १९७२ चा दुष्काळ. लोक खडी फोडायच्या कामावर होते, मिलो नावाची लाल ज्वारी आणि सुकडी खात होते. त्या पिढीतला माणूस ‘एकटा जीव’चं नाव घेतो तेव्हा त्याच्या आवाजात सिनेमापेक्षा जास्त काहीतरी असतं. त्याला दिग्दर्शकाचं नाव विचारणं खरं तर चुकीचंच.

पण प्रश्न दिग्दर्शनाचा असेल, तर माझं मत ‘पांडू हवालदार’ला आहे. एक तर दादांनी त्यात अशोक सराफांना जागा दिली. सखाराम हवालदार लाच खाणारा, पांडू सरळ. दोघं एका चौकटीत उभे राहतात आणि दादा कॅमेऱ्याला फारसं हलू देत नाहीत. माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, लोंबत्या नाडीसकट. वाक्य टाकलं की दादांचा चेहरा कोरा, आणि पुढचं वाक्य यायला किंचित उशीर. हा उशीर तंबूतल्या हशासाठी सोडलेला आहे. घरी एकट्यानं बघताना तो लांबण वाटतो, दोनशे माणसांत बसलं की बरोबर बसतो. मुंबईतल्या समीक्षकांनी या मांडणीला नाटकी म्हणून नाकं मुरडली. रंगमंचावर दीड हजार वेळा हशा मोजलेल्या माणसाला कुठं थांबायचं हे त्यांच्यापेक्षा नक्कीच जास्त कळत होतं.

‘राम राम गंगाराम’ (१९७७) वाले या वादात संख्येनं कमी पण आवाजानं मोठे. त्यांचा मुद्दा एका माणसाभोवती फिरतो: अशोक सराफांचा म्हमदू खाटीक. संभाजीनगर, परभणी, नांदेड या भागात बाजारात अर्धं बोलणं दखनी वळणाचं. शेजारचा मुसलमान दुकानदार मराठी सिनेमात सहसा दिसत नव्हता, दिसला तर पाव्हण्यासारखा. म्हमदू इथल्या प्रेक्षकाला आठवडी बाजारातलाच वाटला. या गटाला मी हरवू शकलेलो नाही.

बायकांचं मत या वादात कोणी विचारत नाही, पण आहे. दादांच्या सिनेमात रत्नमाला ‘आये’ व्हायच्या आणि तिच्यापुढं दादा शेंबडं पोर. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांना बाकी काही आठवत नसलं तरी त्या मायलेकांच्या कटकटी आठवतात. चावट वाक्याला पदर तोंडाला लावायचा आणि ‘आये’च्या सीनला मोकळं हसायचं, अशी त्यांची वाटणी होती.

१९८० च्या ‘ह्योच नवरा पाहिजे’नंतरच्या दादांवर फार बोलण्यासारखं नाही. नावं अधिकाधिक चावट झाली, विनोद नावातच संपू लागला. ‘तेरे मेरे बीच में’ (१९८४) पासून ते हिंदीतही गेले आणि तिथं बोली हरवली. दादांचा विनोद बोलीच्या बेसावधपणावर चालतो. हिंदीत तो फक्त अश्लील उरला. सलग नऊ सिनेमांच्या रौप्यमहोत्सवांमुळं गिनीज बुकात नाव गेलं, तो विक्रम वादात हुकमाच्या पानासारखा टाकला जातो, पण कोणता सिनेमा चांगला हे त्यानं ठरत नाही.

ऐंशीच्या दशकात वादाला राजकारणाचा रंगही चढला. शिवसेना मराठवाड्यात शिरली, १९८८ ची औरंगाबाद महापालिकेची निवडणूक गाजली, आणि दादा सेनेच्या प्रचाराच्या व्यासपीठांवर दिसू लागले. त्यांची सभा म्हणजे फुकटातली बतावणी. त्यामुळं काही घरांत दादा आवडणं आणि सेना आवडणं एकच झालं, काही घरांत दादांची कॅसेट लावताना दार लोटून घेतलं जाऊ लागलं.

तोवर हसवायला दुसरेही आले होते. सचिन पिळगावकरांचा ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा, महेश कोठाऱ्यांचा ‘धुमधडाका’ १९८५ चा. टीव्हीवर वाढलेल्या पोरांचे दिग्दर्शक हे दोघे. दादांचा चाहता त्यांना ‘शहरी’ म्हणून बाजूला सारतो. पण ‘बनवाबनवी’चे लेखकही वसंत सबनीसच! ‘सोंगाड्या’वाल्यांना आणि ‘बनवाबनवी’वाल्यांना हसवणारी लेखणी एकच होती, आणि तिचं नाव या वादात कोणीच घेत नाही.

मराठवाड्याची स्वतःची बोली मात्र दादांच्याही सिनेमात नव्हती. त्यांची भाषा पश्चिम महाराष्ट्राच्या अंगाची. ‘कामून’, ‘आलता’, ‘काय करायलास’ हे बोलणं हशा मिळवू शकतं, हे आधी लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं दाखवलं. ते औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. पुढं ‘कायद्याचं बोला’ (२००५) मध्ये मकरंद अनासपुरेंनी ती बोली पडद्यावर नेली, आणि त्या सिनेमाचे दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णीही औरंगाबादचेच. तेव्हापासून दादांच्या वादात आणखी एक गट घुसला आहे, जो म्हणतो, तुमचे दादा भारी असतील, पण आमच्यासारखं बोलत नव्हते.

राहिला ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८). त्याचं नाव घेणारे पुष्कळ, गोष्ट सांगता येणारा एखादाच. त्याचं कारण त्यातलं ‘ढगाला लागली कळं’ हे गाणं. ‘पांडू हवालदार’च्या वेळी दादांनी संगीत देणाऱ्या दोन पोरांच्या जोडीला राम-लक्ष्मण हे नाव दिलं, आणि त्यातल्या लक्ष्मण म्हणजे विजय पाटलांनी पुढं ‘मैंने प्यार किया’ला संगीत दिलं. २०१९ मध्ये ‘ड्रीम गर्ल’ या हिंदी सिनेमानं ते पावसाचं गाणं पुन्हा उचललं, पण आमच्याकडे ते वरातीतून कधी गेलंच नव्हतं. बँडवाला क्लॅरिओनेटवर पहिली ओळ काढतो आणि जूनची वाट बघणारे लोक मे महिन्यात धुरळ्यात नाचतात. म्हणून कोणी ‘बोट लावीन’ला पहिला नंबर दिला, की आधी त्याला विचारलं जातं, पिच्चर म्हणायलास का गाणं?