कार्बन फायबर बॉनेटचे पुनर्लेपन

कार्बन फायबरच्या मोटार बॉनेटवरचा उन्हाने पिवळा पडलेला, धुरकटलेला किंवा पापुद्रे सुटलेला पारदर्शक थर घासून काढून नवा थर चढवण्याचे काम. यात कार्बनच्या कापडाच्या विणीची चमक परत आणायची असते आणि खालच्या रेझिनला, म्हणजे तंतूंना धरून ठेवणाऱ्या कडक राळेला, पुन्हा उन्हापासून आडोसाही द्यायचा असतो. पत्र्याच्या बॉनेटवर लांबी (पुट्टी) भरली, प्रायमर मारला आणि वर रंग दिला की खालचे सगळे झाकले जाते. इथे मात्र सगळेच थर आरपार दिसणारे, त्यामुळे तळाशी राहिलेला ओरखडा शेवटच्या हातानंतरही डोळ्यांत भरतो.

शर्यतीच्या गाड्यांत रुळलेले हे साहित्य हळूहळू रस्त्यावरच्या गाड्यांत उतरले. निस्सानच्या स्कायलाइन जीटी-आर (आर 34) गाडीच्या 2000 साली आलेल्या व्ही-स्पेक 2 आवृत्तीला कारखान्यातूनच कार्बन बॉनेट होते. पुनर्लेपनासाठी येणारी बॉनेट मात्र बहुधा नंतर हौसेने बसवलेली असतात आणि त्यांची घडण एकसारखी नसते. कार्बनचा एकेक तंतू साधारण 5 ते 7 मायक्रॉन जाडीचा. असे 3000 तंतू एकत्र करून पेड बनवतात, पेडांचे तिरप्या विणीचे कापड विणतात आणि ते रेझिनमध्ये बसवतात. स्वस्तातल्या बॉनेटमध्ये वर कार्बनचे एकच कापड आणि खाली सगळे काचतंतूंचे थर असतात. ते एक कापड जेमतेम पाव मिलिमीटर जाड. घासायचा कागद किती चालवायचा, हे त्या पाव मिलिमीटरवरच ठरते.

ऊन कार्बनचे फारसे काही बिघडवत नाही. बिघडते ते रेझिन. नेहमीच्या इपॉक्सी रेझिनमधील बेंझिनसारखी वलये अतिनील किरण शोषतात, त्यातून रासायनिक बंध तुटतात, मग पिवळेपणा येतो आणि पुढे पृष्ठभाग खडूसारखा भुकटतो. वरच्या क्लिअर कोटमधील (पारदर्शक थरातील) अतिनील-शोषक द्रव्य हे टाळण्यासाठीच असते. ते क्षीण झाले किंवा कडेने पाणी शिरले की क्लिअर कोट सुटू लागतो.

नुकसान किती खोल आहे हे ओळखायची एक सोपी रीत आहे. धुरकट भागावर पाणी शिंपडावे. ओले असताना वीण काळीभोर आणि स्वच्छ दिसली, तर बिघाड वरवरचा आहे. ओले करूनही पांढरट डाग तसाच राहिला, तर तडे किंवा हवा आतल्या रेझिनमध्ये आहे आणि नुसत्या घासण्याने तो जाणार नाही. नाण्याने हलके ठोकतही जावे. आवाज एखाद्या जागी बद्द झाला, तर तिथे थर सुटलेले असू शकतात. कुलपाच्या किंवा बिजागरीच्या आसपास तडे असतील, तर ते बॉनेट आधी मजबुतीच्या दुरुस्तीला द्यावे. चालत्या गाडीत उघडून काचेवर आदळणारे बॉनेट कितीही चकचकीत असले तरी काय कामाचे?

घासण्याआधी बॉनेट धुऊन त्यावरचे मेण आणि सिलिकॉन पुसून काढावे लागते, नाहीतर कागद तेच ओरखड्यांत दाबून बसवतो आणि पुढे क्लिअर कोटला खळगे पडतात. मग मऊ ठोकळ्यावर 320 किंवा 400 नंबरचा वॉटर पेपर लावून पाण्यात घासतात. निघणारा चिखल पांढरट आहे तोवर क्लिअर किंवा रेझिन निघत आहे. तो करडा-काळा झाला की तंतू कापले जात आहेत, तिथेच हात थांबवावा. कडा आणि उठावाच्या रेषा सर्वांत आधी उघड्या पडतात, म्हणून तिथे यंत्र न लावता हातानेच काम करतात. रंग काढायचे रसायन वापरू नये, ते रेझिनही मऊ करते. हीट गनही नको. उन्हाने खराब झालेली बॉनेट जितकी पुनर्लेपनाने वाचतात, तितकीच उत्साहाच्या भरात जास्त घासल्याने वाया जातात, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

उघडे तंतू आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे पातळ इपॉक्सीने भरतात. पॉलिएस्टर रेझिन इथे टाळावे, कारण ते इपॉक्सीवर नीट धरत नाही; उलट इपॉक्सी मात्र जुन्या पॉलिएस्टरवर बसते. दमट हवेत इपॉक्सी वाळताना वर मेणचट साय येते. ती कोमट पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुतल्यावरच 400 ते 600 नंबरने पृष्ठभाग सपाट करावा. इपॉक्सीवर काम संपवणे ही नेहमीची चूक. पहिल्या दिवशी ती काचेसारखी दिसते, पण उन्हाला टिकत नाही.

शेवटी हार्डनर मिसळलेल्या दोन-घटकी पॉलियुरेथेन क्लिअर कोटचे दोन-तीन हात, मध्ये साधारण 10 ते 15 मिनिटे थांबून, मारतात. नेमका वेळ डब्यावर दिलेला असतो आणि तोच पाळावा. हार्डनरमधील आयसोसायनेट श्वसनाला घातक असून त्याने कायमचा दमा जडू शकतो. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो, धुळीचा साधा मास्क पुरत नाही. कार्बनची सुकी धूळ त्वचेला खाज आणते आणि वीजवाहक असल्याने विजेच्या उपकरणांत शिरल्यास शॉर्टसर्किट होऊ शकते. पाण्यात घासण्याचा हाही एक फायदा.

पूर्ण कडक झाल्यावर 1500, 2000, 3000 नंबरने घासून बफिंग करतात. मात्र दोन हातांचा क्लिअर वाळून साधारण 50 मायक्रॉनच उरतो आणि आरशासारख्या सपाटीच्या हौसेपायी उन्हापासून वाचवणारा थरच कमी होतो. किंचित नारिंगीच्या सालीसारखा पोत राहिला तरी चालतो.

पिवळेपणा रेझिनमध्येच खोलवर मुरला असेल, तर कितीही क्लिअर मारला तरी तो दिसतच राहतो. अशा वेळी क्लिअरमध्ये किंचित काळी छटा मिसळतात, किंवा सरळ गाडीच्या रंगात बॉनेट रंगवतात. विणीच्या शौकिनांना हे पटत नाही, पण वजनातला फायदा रंगाखालीही तेवढाच राहतो आणि अपारदर्शक रंगाइतके उन्हापासून वाचवणारे दुसरे काही नाही.

परत बसवताना कार्बन आणि धातू यांचा थेट संपर्क टाळतात. कार्बनच्या सान्निध्यात, विशेषतः ओलावा असताना, ॲल्युमिनियम लवकर गंजते. म्हणून बोल्टखाली नायलॉनचे वॉशर घालतात, आणि घासताना उघड्या पडलेल्या भोकांच्या कडांना आधीच इपॉक्सीचा हात देऊन ठेवतात.