कोणता ई. कोलाय? के-१२ की ओ१५७:एच७

पिण्याच्या पाण्याच्या अहवालात ‘ई. कोलाय आढळला’ अशी ओळ आली की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतो, हा तर सगळ्यांच्याच पोटात असतो, घाबरायचं काय? दुसऱ्याने वाचलेलं असतं की ई. कोलायमुळे लहान मुलांच्या किडन्या निकामी होतात. दोघांचंही खरं आहे, फक्त ते दोन निराळ्या ई. कोलायबद्दल बोलताहेत. १०० मिलिलिटर पाण्यात हा जिवाणू अजिबात सापडू नये असं भारतीय मानक सांगतं, कारण तो सापडला की पाण्यात विष्ठा मिसळली आहे हे नक्की. त्यातला वाण, म्हणजे एकाच प्रजातीतला उपप्रकार, कोणता, हे ती चाचणी बघतच नाही.

साधा वाण म्हणजे के-१२. १९२२ साली कॅलिफोर्नियात घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका रुग्णाच्या विष्ठेतून तो वेगळा केला गेला आणि पुढे जगभरच्या प्रयोगशाळांचा घरचा जिवाणू झाला. माणसाचं इन्सुलिन बनवायला हाच कामी आला. १९८२ मध्ये ई. कोलायकडून बनवून घेतलेल्या त्या इन्सुलिनला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी ओरेगन आणि मिशिगन राज्यांत हॅम्बर्गर खाल्लेल्या लोकांना रक्ताचे जुलाब झाले आणि त्यांच्या विष्ठेत ई. कोलायचा दुसरा, घातक वाण सापडला: ओ१५७:एच७. मला हा योगायोग फार बोलका वाटतो. एकाच वर्षी, एकाच नावाच्या जिवाणूने औषधही दिलं आणि नवा आजारही.

फरक किती, ते जीनोम, म्हणजे जिवाणूचा संपूर्ण डीएनए, वाचल्यावर कळलं. के-१२चा जीनोम १९९७ मध्ये पूर्ण वाचून झाला. तो सुमारे ४६ लाख बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, आहे. २००१ मध्ये वाचलेला ओ१५७:एच७चा जीनोम ५५ लाखांच्या घरात निघाला. त्यात के-१२कडे नसलेली १,३८७ जनुकं होती, आणि के-१२ची ५२८ जनुकं त्याच्याकडे नव्हती. पुढच्याच वर्षी मूत्रमार्गाचा संसर्ग करणारा तिसरा वाण शेजारी ठेवला, तेव्हा तिघांच्या एकत्रित प्रथिनांपैकी जेमतेम ३९ टक्के तिघांतही सामाईक निघाली. प्रजाती एकच, तरी एवढी विविधता!

यातली बरीच जनुकं बाहेरून आलेली आहेत, आणि सर्वांत घातक जनुक आणलं ते जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंनी, म्हणजे फाजनी. असा एक फाज ओ१५७च्या जीनोममध्ये दडून बसलेला असतो आणि शिगा टॉक्सिनचं जनुक त्याच्यापाशी असतं. हे विष पेशीतल्या रायबोसोममधला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रातला, एकच अ‍ॅडेनिन तोडतं. तेवढ्याने पेशीचं प्रथिनं बनवणं थांबतं आणि ती मरते. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर हे विष ज्याला चिकटतं तो रेणू भरपूर असतो, म्हणून घाला तिथे पडतो. गाईगुरांच्या रक्तवाहिन्यांत तो रेणू नसतो. त्यामुळे गाय हा जिवाणू पोटात बाळगूनही धडधाकट राहते. शिवाय ओ१५७ला आतड्याच्या पेशीला घट्ट चिकटता येतं. तो पेशीला स्वतःखाली चक्क एक चबुतरा उभारायला लावतो. शंभराहून कमी जिवाणू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. जुलाब लागले की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणायची आपल्याकडे सवय आहे. पण जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की दडलेला फाज जागा होतो, विष तयार होतं, आणि पेशी फुटून ते बाहेर पडतं. म्हणून या संसर्गाची शंका असेल तर डॉक्टर सहसा अँटिबायोटिक टाळतात. जुलाबात रक्त दिसलं, विशेषतः लहान मुलाच्या, तर मनाने गोळी न देता थेट डॉक्टरांकडे न्यावं.

मग ‘ओ१५७ तेवढा वाईट’ एवढं लक्षात ठेवून भागेल का? २०११च्या उन्हाळ्यात जर्मनीने या प्रश्नाचं उत्तर फार महाग किमतीला मिळवलं. ई. कोलायच्या साथीत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, ८०० हून अधिक जणांच्या किडन्यांना फटका बसला, ५० हून अधिक दगावले. आधी स्पेनच्या काकड्यांवर संशय घेतला गेला. शेवटी माग लागला तो इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांचा. त्यांना मोड आणून ते कच्चे खाल्ले गेले होते. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तितकीच मानवते. आपली उसळ शिजते म्हणून तिची भीती नाही. कोशिंबिरीत कच्चे पडणारे मोड मात्र जपूनच खावेत.

त्या साथीतला वाण ओ१०४:एच४ होता. चबुतरा उभारणारी जनुकं त्याच्याकडे नव्हती. तो विटा रचल्यासारखा एकमेकांना चिकटून आतड्यावर थर धरणाऱ्या घराण्यातला, आणि त्याला फाजकडून शिगा टॉक्सिन मिळालेलं. ओ१५७ प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या प्लेटवर ओळखायची जुनी खूण म्हणजे तो सॉर्बिटॉल ही साखर लवकर आंबवत नाही, म्हणून त्याच्या कॉलन्या, म्हणजे प्लेटवर वाढलेले जिवाणूंचे ठिपके, बिनरंगी दिसतात. ओ१०४:एच४ मात्र सॉर्बिटॉल आंबवतो, त्यामुळे त्या प्लेटवर तो के-१२सारखाच निरुपद्रवी दिसतो. पीसीआर ही डीएनएचा ठरावीक तुकडा शोधणारी चाचणी करून शिगा टॉक्सिनचं जनुक शोधलं, तर तो लगेच पकडला जातो.