श्रवणऱ्हास (ग्रामीण विदर्भ)

एका किंवा दोन्ही कानांची ऐकण्याची क्षमता कमी होणे म्हणजे श्रवणऱ्हास. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २० डेसिबेलपर्यंतचे (डेसिबेल हे आवाजाच्या मोठेपणाचे माप) हळू आवाज दोन्ही कानांना ऐकू आले, तर श्रवण प्राकृत धरतात. दोहोंपैकी बऱ्या कानाचा ऱ्हास ३५ डेसिबेलच्या पुढे गेला, की पुनर्वसनाची, म्हणजे श्रवणयंत्रासारख्या मदतीची, गरज मानतात. अशी गरज असलेले जगात सुमारे ४३ कोटी लोक आहेत, असे संघटनेच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. विदर्भातल्या खेड्यात हे मोजमाप क्वचितच होते. ‘बुढ्याले आयकू येत नाही’ एवढ्यावर विषय संपतो. त्याआधीची काही वर्षे तर दोष कानाचा आहे हेच घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. सगळे स्वभावाच्या खात्यावर जमा होत राहते.

यामागे कानाची रचना आहे. पडद्यावर आदळलेला आवाज मध्यकर्णातल्या तीन इवल्या हाडांमार्फत आत जातो आणि गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या नळीत पोहोचतो. तिथे प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केशपेशी असतात. एकदा मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. उच्च पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशीच असतात आणि वयोमानाने त्याच आधी झिजतात. परिणामी बोलण्यातले स्वर ऐकू येतात, पण स, श, ठ, फ अशी व्यंजने गळतात. ‘साठ’चे ‘आठ’ होते, ‘सात’चे ‘आत’. माणूस खोटे बोलत नसतो. त्याला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज उंच पट्टीतला, म्हणून कर्त्या मुलाचे बोलणे समजते आणि सुनेचे नाही. घराघरांत ऐकू येणारे ‘बुढा मतलबाचं बराबर आयकते’ हे वाक्य इथूनच येते. सून मग आवाज चढवते. झिजलेल्या कानाचा आणखी एक गुण असा, की हळू आवाज मुळीच पोहोचत नाही आणि मोठा एकदम अंगावर येतो. ‘येवढ्या जोरानं कायले बोंबलतं, मी काय बहिरा आहो?’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. या भांडणात दोघेही खरे असतात.

वय हे एकच कारण नव्हे. लहान वयातला श्रवणऱ्हास बहुतेकदा ‘कान वाहण्या’तून येतो: सर्दी मध्यकर्णात उतरते, पू साचतो, पडद्याला भोक पडते. पावसाळ्यात कान वाहतो, उन्हाळ्यात कोरडा होतो, म्हणून बरा झाला असे वाटते. भोक मात्र तसेच राहते. लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडण्याची पद्धत अशा कानाला घातकच. त्याऐवजी स्वच्छ सुती कापडाची दिव्याच्या वातीसारखी वात वळून कान टिपून कोरडा ठेवावा, आंघोळीला पाणी जाऊ देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे. वात वळायला इथल्या आजीला कुणी शिकवायला नको. पडद्याचे भोक शस्त्रक्रियेने बुजवता येते. साधा मळ घट्ट बसूनही ऐकू कमी येते. आगपेटीची काडी तो आणखी आत ढकलते.

गोंगाट हे दुसरे मोठे कारण. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो, पुढे दर तीन डेसिबेलला ती मुदत निम्मी होत जाते. १०० डेसिबेलला ती जेमतेम १५ मिनिटे उरते. कापसाच्या जिनिंगमधला मजूर, सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात हडंब्यात (मळणीयंत्रात) पेंढ्या टाकणारा गडी, इंजिनवाला फवारणी पंप पाठीवर घेऊन फिरणारा फवारणीवाला यांच्यापैकी कुणी कानात बोळे घातलेले दिसत नाही. फवारणीवाल्याचे तर इंजिनच कानापासून हातभरावर असते. पोळ्याला पूर्वी तोरणाखाली झडत्या (पोळ्याची गाणी) म्हटल्या जात, आता अनेक गावांत डीजे असतो. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी घालणारे नियम २००० सालापासून आहेत. ते कितपत पाळले जातात, हे वरातीच्या वाटेवर राहणारा कुणीही सांगेल.

विदर्भात आणखी एका कारणाकडे खास लक्ष द्यायला हवे, ते म्हणजे सिकलसेल. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात हा आजार बराच आढळतो. कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि अंतर्कर्णाला रक्त पुरवणारी वाहिनी अतिशय बारीक असते. त्यामुळे रुग्णाचे ऐकणे हळूहळू किंवा एकाएकी कमी होऊ शकते. दुखण्याच्या झटक्यांपुढे ही बाब मागे पडते. औषधांचाही वाटा आहे. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरची कानामायसिन व अमिकासिन ही इंजेक्शने केशपेशी मारतात. अलीकडे तोंडाने घ्यायच्या औषधांमुळे त्यांचा वापर घटला आहे. मलेरियावरच्या क्विनीनने कान वाजतात आणि ऐकू कमी येते, पण औषध थांबले की बहुधा पूर्ववत होते.

कानाचा दोष कानापुरता राहत नाही. ऐकू कमी येणारा माणूस प्रत्येक वाक्याचा अर्धा भाग अंदाजाने भरून काढतो, आणि संध्याकाळपर्यंत तो थकून जातो. हळूहळू तो पारावर बसणे सोडतो, कारण चार माणसे एकदम बोलली की त्याच्या हाती काही लागत नाही. लोक हसले की तोही हसतो, थोडा उशिरा. भजनात ताल चुकतो म्हणून खंजिरी दुसऱ्याच्या हातात जाते. उदासीनता आणि एकटेपण यांचा श्रवणऱ्हासाशी संबंध अनेक पाहण्यांत आढळला आहे. तोल जाऊन पडण्याचे प्रमाणही अशा वृद्धांत जास्त दिसते.

स्मृतिभ्रंशाबाबत जरा जपून लिहायला हवे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ जोखीमकारणे दिली, त्यांत श्रवणऱ्हास ठळक आहे. मात्र अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत श्रवणयंत्र दिल्याने सर्वच वृद्धांची बौद्धिक घसरण मंदावली असे दिसले नाही. ज्यांना मुळात जोखीम जास्त होती, त्यांच्यात ही घसरण तीन वर्षांत जवळपास निम्म्याने कमी झाली. इथे वारंवार उलटे घडते: भलतेच उत्तर देणाऱ्या म्हातारीला म्हातारचळ लागला असे ठरते, आणि तिचा कान कुणी तपासतच नाही.

रोजच्या व्यवहारातली हानी तर कुठेच नोंदली जात नाही. बाजार समितीत हर्रास (लिलाव) एका ढिगाकडून दुसऱ्याकडे भराभर सरकतो. बोली ऐकू न आलेला शेतकरी शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो आणि मान डोलावतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीतून ‘ही सकाळी एक, ही रात्री अर्धी’ असे सांगितले जाते. मागे रांग असते, पंखा घरघरत असतो, म्हातारा ‘हो’ म्हणतो. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा घोळ इथून सुरू होतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोहफुले वेचायला गेलेल्या बाया एकमेकींना हाका देत राहतात, कारण जंगलात वाघ आहे. ज्या बाईला हाक ऐकू येत नाही, तिला टोळीच्या मधोमध राहावे लागते.

जन्मजात बहिरेपण हा स्वतंत्र विषय आहे. आनुवंशिकता आणि जवळच्या नात्यातले विवाह, गरोदरपणातला रुबेला, अपुऱ्या दिवसांचा जन्म ही त्याची काही कारणे. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय असा दंडक आहे, कारण भाषा शिकण्याची वेळ निघून गेली की परत येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत तपासणी करतात. वर्गात ‘ढ’ ठरलेल्या मुलाचा कान वाहतो का, हे आधी पाहावे.

राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००७ पासून चालू आहे. श्रवणालेख (किती ऐकू येते याचा आलेख) काढायचा तर रुग्णाला बहुधा जिल्हा रुग्णालय किंवा नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला येथील वैद्यकीय महाविद्यालये गाठावी लागतात, म्हणजे मजुरीचा एक दिवस जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबेल ऱ्हास असलेल्यास बहिरा आणि ६० ते ७० असलेल्यास ऐकू कमी येणारा मानतात. ४०-५० डेसिबेलचा ऱ्हास घेऊन आलेला माणूस या व्याख्येत बसत नाही. अडचण मात्र त्याची रोजची असते.

श्रवणयंत्राला गावात ‘कानाची मशीन’ म्हणतात. ती मिळाल्यावर बरेचदा पेटीत जाऊन पडते. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. तोवर भांडी, पंखा, चप्पल सगळेच कानात ओरडते. कानात बसवायचा साचा सैल बसला तर मशीन शिटी मारते. घाम आणि पावसाळी दमट हवा तिला सोसत नाही. शेल बटणाएवढे, ते तालुक्याला मिळाले तर मिळतात. त्यावरची चिकटपट्टी एकदा काढली, की मशीन वापरा किंवा न वापरा, शेल उतरू लागतो. म्हणून जुना संपेपर्यंत नव्याची पट्टी काढायची नसते. घरात हे काम बहुधा नातवाकडे असते, कारण एवढे बारीक झाकण आजोबांच्या बोटांना उघडत नाही.