बंद पडलेला गिझर पेटवण्याआधी

खान्देश म्हटलं की बाहेरच्यांना भुसावळ-जळगावचा उन्हाळाच आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, तोरणमाळकडे त्याहून गारठा असतो, आणि रावेर-यावलचे केळीवाले रात्री बागेच्या बांधावर शेकोट्या पेटवून धूर धरतात. आपल्याकडे घर तापवायची रीत नाही. थंडीत तापवायचं ते आंघोळीचं पाणी, आणि ते तापवणारा गिझर बंद पडतो तोही अशाच पहाटे. यात नशिबाचा भाग थोडा आणि भौतिकशास्त्राचा जास्त.

मेकॅनिकच्या फोनवर या दिवसांत एकच वाक्य ऐकू येतं, ‘जिभाऊ, गिझर पेटस नही.’ त्यातले बरेच गिझर बिघडलेले नसतात. आजच्या गिझरमध्ये चार-पाच ठिकाणी असे भाग बसवलेले असतात की काही खटकलं तर ते गॅस किंवा वीज तोडतात. म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी कोणत्या भागानं आणि का तोडलं, ते शोधायचं. बटणं दाबत राहून किंवा नळ फिरफिर फिरवून तो ‘कसाबसा’ चालू करणं म्हणजे त्या भागाचं म्हणणं न ऐकणं.

आधी गॅस गिझर, कारण खान्देशात तो घरोघरी आहे आणि जीव जातो तो जास्त करून त्याच्यापायी.

पहिलं काम नाकाचं. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, त्यामुळे तो वर उडून जात नाही, फरशीलगत पसरतो. उभ्यानं वास आला नाही तरी वाकून, मोरीच्या तोंडाशी हुंगून पाहावं. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ टक्क्यांच्या वर गेलं की ठिणगीवर तो पेट घेतो. वास आला तर दिव्याचं बटण, एक्झॉस्ट फॅन, मोबाईल, कशालाच हात लावायचा नाही. बटण बंद करतानाही आत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करायचा, दार-खिडकी उघडायची, घरातल्यांना बाहेर काढायचं आणि बाहेर येऊन १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर फोन करायचा. गिझरचं कोडं नंतर.

वास नसेल तर मग पेटायचं काय अडलं ते बघू. नळ उघडला की गिझरच्या तळाशी असलेल्या पितळी डबीत पाणी शिरतं. त्या डबीत रबराचा एक पातळ पडदा असतो, डायफ्राम. पाण्याच्या दाबानं तो फुगतो, त्याला टेकलेली दांडी सरकते आणि एक छोटा स्विच दाबला जातो. मग सेलवर चालणारी पेटी टिक-टिक ठिणग्या टाकते आणि गॅसचा विजेवरचा झडपा उघडते. म्हणजे पाण्याला पुरेसा जोर नसेल तर गॅस सुटतच नाही. हे बरंच आहे, नाहीतर कोरडी नळी तापून वितळली असती.

हा जोर येतो टाकीच्या उंचीतून. १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ साधारण एका वातावरणाइतका दाब देतो. वरच्या मजल्यावरचा गिझर आणि गच्चीवरच्या टाकीचा तळ यांत जेमतेम दोन मीटर अंतर असतं, म्हणजे दाब त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका. खालच्या मजल्यावर आणखी तीन मीटर मिळतात. म्हणून एकाच घरात, एकाच टाकीवर, खालचा गिझर भक्कन पेटतो आणि वरचा नुसता टिकटिकतो किंवा गप्प राहतो. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे तर भरल्या टाकीला पेटणारा गिझर टाकी तळाला गेली की रुसतो. मेकॅनिकला बोलावण्याआधी गच्चीवर जाऊन टाकीत डोकावणं फुकट आहे.

आता थंडीचं गणित. मे महिन्यात टाकीतलं पाणी आधीच कोमट, हिवाळ्याच्या पहाटे ते १५ अंशांच्या आसपास. बर्नर एका मिनिटाला ठरावीकच उष्णता देतो. पाणी हवं तेवढं कढत होईना म्हणून आपण काय करतो? नळ बारीक करतो. पाण्याची धार कमी, म्हणजे डायफ्रामवरचा जोरही कमी, आणि गिझर विझतो. अंगाला साबण लागल्यावर गार पाणी येतं ते यामुळे. पाणी कमी-जास्त करायची खिटी गिझरवरच असते. गॅसची खिटी मोठी करावी, नळ बारीक करू नये.

सिलिंडरलाही थंडी बाधते. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळतो, ब्युटेन मात्र शून्याच्या जरासा खाली. सिलिंडर वापरला जातो तसा प्रोपेन आधी उडतो आणि तळाशी ब्युटेन जास्त उरतो. त्यात द्रवाचा वायू होताना तो आपलीच उष्णता ओढून घेतो, म्हणून सिलिंडरचं अंग हाताला बर्फासारखं लागतं. ५-६ अंशांच्या पहाटे, ओसरीवर ठेवलेल्या संपत आलेल्या सिलिंडरमध्ये शेगडीपुरता दाब असतो, पण गिझरची भूक भागत नाही. अशा वेळी काही जण सिलिंडर आडवा करतात किंवा त्याच्याजवळ निखारे ठेवतात. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्वाला एकदम भडकू शकते. निखाऱ्यांबद्दल काही सांगायची गरज नसावी, तरी सांगतो: करू नका. उन्ह चढू द्या किंवा सिलिंडर बदला.

ठिणगी पडते, ज्वाला येते आणि चार-पाच सेकंदांत विझते, ही तक्रार वेगळी. ज्वालेत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे ती थोडीशी वीज वाहून नेते. बर्नरवर झुकलेली एक बारीक सळई हा अगदी नगण्य, मायक्रोअँपिअरमधला प्रवाह मोजत असते. प्रवाह दिसला की पेटीला कळतं, ज्वाला आहे. गॅस चालू ठेव. सळईवर काजळी चढली तर ज्वाला डोळ्यांना दिसते, पेटीला दिसत नाही, आणि ती गॅस तोडते. दुसरं कारण त्याहून साधं, उतरलेले सेल. ठिणगीपुरता जीव त्यांच्यात असतो, झडपा उघडा धरून ठेवण्याइतका नसतो. दोन मोठे सेल बदलून बघावेत, जुना एक आणि नवा एक असं न करता. काही मॉडेलांत सलग वीसेक मिनिटांनी गिझर मुद्दाम बंद होतो, तो दोष नव्हे.

तरी पेटला नाही तर लागोपाठ प्रयत्न करत बसू नये. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडा गॅस बर्नरच्या खोक्यात साचतो, आणि पाचव्या वेळी ठिणगी लागली की तो सगळा एकदम पेटतो. ‘भक्’ असा आवाज आणि भुवया जळाल्याचा वास ज्यानं अनुभवला त्याला हे पटवावं लागत नाही. दोनदा बघावं, मग नळ आणि गॅस दोन्ही बंद करून, दार-खिडकी उघडी ठेवून पाच-दहा मिनिटं थांबावं. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावं. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत.

तापीकाठच्या गावांत आणखी एक गुन्हेगार असतो, बोअरचं पाणी. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, ते पाणी गिझरलाही छळतं. त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर नळीच्या आत बसतो. मेकॅनिक पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी काढून फरशीवर आपटतो तेव्हा अंड्याच्या टरफलासारख्या कपच्या पडतात. ती जाळी तुंबली की पुन्हा तेच, जोर नाही, डायफ्राम नाही, ज्वाला नाही. थर विरघळवायला लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर पुरतं.

आता हवेकडे. हा भाग वाचकानं सावकाश वाचावा.

मिनिटाला सहा लिटर पाणी १५ वरून ४० अंशांवर न्यायला १५० किलोकॅलरी लागतात. काही उष्णता वाया जाते हे धरलं तर मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम गॅस जळतो, स्वयंपाकघरातले चार-पाच मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं. दहा मिनिटांच्या आंघोळीत १६० ग्रॅम. एवढा गॅस पूर्ण जळायला जवळजवळ २,००० लिटर हवा हवी. आणि चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात सगळी मिळून हवा असते सुमारे ५,४०० लिटर. थंडीमुळे खिडकीच्या फटीत आपण कापड कोंबलेलं असतं.

ऑक्सिजन कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला ना रंग, ना वास, ना डोळ्यांची जळजळ. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हजार लिटर हवेत तो दीड लिटर झाला तरी वीसेक मिनिटांत डोकं ठणकतं, मळमळतं, पाय लुळे पडतात, आणि तासाभरात जीवही जाऊ शकतो. माणसाला वाटतं गरम पाण्यानं चक्कर आली. आतून कडी, त्यामुळे बाहेरच्यांना कळायला वेळ लागतो. घरात आंघोळी एकामागून एक होतात. मध्ये दार क्षणभर उघडतं, तेवढ्यानं हवा पूर्ण बदलत नाही. सगळ्यांचं आटोपून शेवटी जाणाऱ्या बाईच्या वाट्याला सगळ्यात वाईट हवा येते.

ज्वाला निळी असेल तर जळण नीट चाललंय. पिवळी, लांबट, हलती ज्वाला आणि गिझरच्या टोपणावर काळा डाग दिसला तर तो गिझर पेटतो म्हणून चालू ठेवायचा नाही.

कोणी चक्कर येऊन पडलं तर आधी गॅस बंद, दार उघडं, माणूस मोकळ्या हवेत, आणि १०८ ला फोन. इथे एक फसगत होते. कोरोनानंतर घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं आहे. ते यंत्र रक्ताचा लालपणा बघतं, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालच असतं. त्यामुळे ते ९८ दाखवतं आणि घरचे निश्चिंत होतात. त्या आकड्यावर विसंबू नये, डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे स्पष्ट सांगावं. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर सव्वा-दीड तास.

विजेच्या गिझरची गोष्ट त्यामानानं छोटी. टाकी रिकामी असताना बटण दाबलं गेलं की कॉइल पाण्याविना लाल होते आणि थर्मल कटआउट वीज तोडतो. म्हणून पाणी गेल्यानंतर आधी गरम पाण्याचा नळ उघडायचा, हवेचे फुसकारे थांबून अखंड धार लागली की मगच बटण. कटआउट पुन्हा दाबून गिझर चालला आणि परत तुटला तर थर्मोस्टॅट अडकलेला आहे, तिसऱ्यांदा दाबू नये. ईएलसीबी, म्हणजे वीज झिरपू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, पडला असेल तर कुठेतरी ३० मिलिअँपिअरच्या आसपास वीज पाण्यात किंवा पत्र्यात झिरपते आहे, बहुधा क्षारानं तडकलेल्या कॉइलमधून. तो काढून टाकून थेट जोडणी करून देणारे वायरमन भेटतात. त्यांना चहा पाजून परत पाठवावं.

गच्चीवर काचेच्या नळ्यांचं सोलर असेल आणि टाकी कोरडी पडली असेल, तर दुपारी पाणी आलं म्हणून लगेच भरू नये. उन्हात रिकाम्या नळ्यांचं तापमान २०० अंशांच्या वर जाऊ शकतं, गार पाणी पडताच काच तडकते. भरायचं ते पहाटे, ऊन चढण्याआधी.

बंबाच्या काळात हे प्रश्न नव्हते असं नाही. पाणी न घालता पऱ्हाट्या पेटवल्या की त्याचा डाख सुटायचाच. पण बंब असायचा अंगणात, धूर आणि विषारी वायू आभाळाला. आपण तांब्याचा बंब भंगारात घातला आणि जाळ मात्र कडी लावलेल्या चार भिंतींत आणला. खरी दुरुस्ती तिथे आहे. गिझर बाहेरच्या भिंतीवर किंवा गॅलरीत, पावसापासून आडोसा करून लावायचा आणि न्हाणीघरात फक्त गरम पाण्याची नळी आणायची. अर्ध्या इंची नळीत मीटरमागे सव्वाशे मिलिलिटर पाणी राहतं. चार मीटर नळी धरली तर सुरुवातीला तांब्याभर पाणी गार येईल.