दूध ‘बाधते’ म्हणजे काय: बाळांच्या अ‍ॅलर्जीविषयीचे सल्ले कसे बदलत गेले

उष्टावणाला मामाच्या मांडीवर बसवलेल्या बाळाच्या ओठांना चांदीच्या वाटीतली खीर लावतात. ही खीर दुधाची असते, आणि तोवर फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळाची गाईच्या किंवा म्हशीच्या दुधाशी बहुधा तीच पहिली गाठ असते. नाशिकला पंचवटीत आमच्या नात्यातल्या एका उष्टावणात खीर लावून पंधरा मिनिटेही झाली नव्हती, तोच बाळाच्या हनुवटीवर लाल चट्टे उठले आणि एक पापणी सुजली. आजींनी ‘पित्त उठलंय’ म्हणत आमसुलाचे पाणी चोळले. असे चट्टे बहुधा काही तासांत आपोआप मावळतात, तसे ते मावळले आणि श्रेय आमसुलाला मिळाले. आठवड्याने दही चाटवले तेव्हा पुन्हा तेच झाले, आणि मग बालरोगतज्ज्ञांनी दुधाच्या अ‍ॅलर्जीचे निदान केले.

पित्त उठणे, दूध बाधणे, दूध न पचणे हे आपले तिन्ही शब्दप्रयोग जुने आणि सोयीचे आहेत, परंतु ते वेगवेगळे आजार एकाच पिशवीत घालतात. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा दुधातील केसिन किंवा व्हे या प्रथिनांवर उलटते. दूध न पचणे म्हणजे बहुतेक वेळा दुधातील साखर, लॅक्टोज, न पचणे; त्यात पोट फुगते, जुलाब होतात, पण अंगावर गांधी उठत नाहीत, आणि तान्ह्या बाळांत तो प्रकार बहुधा जुलाबानंतर काही दिवसांपुरताच दिसतो. शिवाय अ‍ॅलर्जीचाच एक संथ प्रकार असतो, ज्यात चट्ट्यांऐवजी काही तासांनी किंवा दिवसांनी उलट्या होतात किंवा शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात. हा फरक न कळल्याने ‘गाईचे बाधते तर शेळीचे द्या’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातील प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की एकाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना दुसरेही चालत नाही.

एखाद्याला जे मानवते ते दुसऱ्याला मानवत नाही, हे आयुर्वेदाच्या सात्म्य-असात्म्य विचारात फार पूर्वीपासून आहे. मात्र ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी रूढ केला. १९२१ साली जर्मनीत प्राउस्निट्झ यांनी, मासे न चालणाऱ्या क्यूस्टनर या आपल्या सहकाऱ्याच्या रक्तातील द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर तिथे गांध उठली. दोष माशात नसून रक्तातल्या कशात तरी आहे, एवढे त्यावरून दिसले. ते ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई हे प्रतिपिंड, म्हणजे प्रतिकारयंत्रणेने रक्तात तयार केलेले प्रथिन. त्याची ओळख पटायला १९६६-६७ साल उजाडावे लागले.

दुधाच्या बाबतीत निदानाची खरी शिस्त अमेरिकेतील डॉक्टर गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली घालून दिली. दूध बंद केल्यावर त्रास थांबतो का आणि पुन्हा दिल्यावर परततो का, हे त्यांनी एकदा नव्हे तर तीनदा पाहायला सांगितले. आज तीनदा पाहण्याचा आग्रह उरलेला नाही आणि तीव्र प्रतिक्रिया आलेल्या बाळावर तो प्रयोग घरी करायचाही नसतो, पण तत्त्व तेच आहे. केवळ रक्ततपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून घरातून दूध हद्दपार करणे हे निदान नव्हे. डेन्मार्कमध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,७४९ बाळांपैकी ३९ जणांना, म्हणजे २.२ टक्क्यांना, दुधाची अ‍ॅलर्जी आढळली. त्यांतल्या ५६ टक्के बाळांची ती पहिल्या वर्षी, ७७ टक्क्यांची दुसऱ्या आणि ८७ टक्क्यांची तिसऱ्या वर्षापर्यंत गेली. नंतरच्या काही अभ्यासांत ती जायला याहून अधिक वेळ लागल्याचे दिसले.

सल्ल्यांचा मोठा घोळ झाला तो इतर पदार्थांबाबत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० साली, घराण्यात अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना दूध एक वर्षापर्यंत, अंडे दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे, सुकामेवा व मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत, असे सुचवले. त्यामागे पुरावा कमी आणि सावधगिरी जास्त होती. २००८ साली अकादमीने ही भूमिका सोडली. त्याच वर्षी लंडनमधील गिडिअन लॅक यांच्या गटाने दाखवले की ब्रिटनमधील ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्रायलमधील मुलांपेक्षा सुमारे दहापट आहे; इस्रायलमध्ये बाळे पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे कुरमुरीत खाणे खात होती. मग त्यांनी शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीची जोखीम असलेल्या, ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बाळांचे दोन गट केले. पाचव्या वर्षी शेंगदाणा टाळणाऱ्यांत १७.२ टक्के, तर नियमित खाणाऱ्यांत ३.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी होती. हा निष्कर्ष २०१५ साली आला. २०१७ साली जपानमध्ये, एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल होऊन खाजण्याचा विकार) असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेले अंडे अगदी थोडे देऊन पाहिले; वर्षाच्या वयात अंड्याची अ‍ॅलर्जी ८ टक्क्यांना, तर न दिलेल्या गटात ३८ टक्क्यांना आढळली. त्या बाळांच्या त्वचेवर आधी नीट उपचार केले होते, ही बाब बातम्यांत बहुतेकदा गाळली जाते.

म्हणून आज डॉक्टर दोन वरवर विरुद्ध गोष्टी सांगतात. ज्याची अ‍ॅलर्जी सिद्ध झाली ते दूध बंद ठेवायचे. पण त्या भीतीने बाकीचे पदार्थ अडवायचे नाहीत. स्तनपान चालूच राहते. आईच्या आहारातले दूध फक्त बाळाला त्यामुळे त्रास होत असेल तरच थांबवतात आणि मग तिच्या कॅल्शियमची सोय करतात. वरचे दूध लागलेच तर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली पावडर डॉक्टर लिहून देतात, जी महाग पडते. तांदळाची पेज किंवा बदामाचे दूध तिची जागा घेऊ शकत नाही. सहाव्या महिन्यानंतर नागलीची लापशी आणि मुगाची खिचडी सुरू असतानाच शेंगदाण्याचे अगदी बारीक कूट पातळ करून किंवा पूर्ण शिजलेले अंडे, एका वेळी एकच नवा पदार्थ, दिवसा आणि बाळ बरे असताना देतात. एक्झिमा जास्त असेल तर आधी तज्ज्ञांना विचारावे. अख्खा शेंगदाणा मात्र लहान मुलाला देऊ नये, कारण तो घशात अडकतो. ओठ-जीभ सुजली, श्वास घरघरला किंवा बाळ मलूल पडले, तर आमसूल शोधत न बसता १०८ ला फोन करावा.

दूध परत आणण्याची वाटही संशोधनातूनच निघाली. खूप वेळ भाजलेल्या पदार्थातील दुधाची प्रथिने अनेक मुलांना सोसतात, म्हणून ब्रिटिश तज्ज्ञांनी बिस्किटापासून ताज्या दुधापर्यंतची ‘दुधाची शिडी’ २०१३ साली मांडली. ती सौम्य, संथ प्रकारासाठी आहे. चट्टे लगेच उठणाऱ्या बाळाला पहिली पायरीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली चढवायची असते. पाकीटबंद बिस्किटावर दुधाचा उल्लेख करणे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. सुट्या पावाला आणि नानकटाईला लेबल नसते; तिथे बेकरीवाल्यालाच विचारावे लागते.

पंचवटीतले ते बाळ आता दीड वर्षाचे आहे. शेंगदाण्याच्या कुटाची काकडीची कोशिंबीर ते मिटक्या मारत खाते, आणि दुधाची पहिली पायरी, बिस्किटाचा चतकोर तुकडा, त्याने गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या समोर बसून खाल्ला.