दुभती म्हैस लसीकरणातून वगळू नये : पशुपालक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या केंद्राचे पशुवैद्यक कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर, कागल आणि पन्हाळा तालुक्यांत गोठ्यावर येऊन लसीकरण करतात. लाळ्या खुरकूत (तोंडात व खुरांत फोड येणे), घटसर्प (तापासह घसा सुजणे), फऱ्या (मांसल भागाला सूज येऊन लंगडणे) आणि लम्पी (अंगावर गाठी येणे) हे रोग आपल्या परिचयाचे आहेत. तरीही प्रत्येक फेरीत अनेक गोठ्यांवर एकच विनंती ऐकावी लागते : "डॉक्टर, भाकड जनावरांना आणि रेडकांना टोचा, दुभतीला तेवढं राहू द्या, दूध तुटतं." ही विनंती आम्ही का मान्य करत नाही, हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्रक छापले आहे.

लाळ्या खुरकूताची लस टोचल्यावर काही जनावरांना कणकण येते, त्यांचे वैरणीवरून मन उडते आणि दोन-तीन दिवस धार कमी मिळते, हे खरे आहे. शरीर लसीला प्रतिसाद देत असल्याचे ते लक्षण असते आणि जनावर चारा घेऊ लागले की दूध पूर्ववत होते. लसीत मारलेला विषाणू असल्यामुळे तिच्यापासून रोग होत नाही आणि त्या दिवसाचे दूध डेअरीला घालण्यास हरकत नसते. याउलट प्रत्यक्ष रोग झाला, तर तोंडातील फोडांमुळे जनावर खाऊ शकत नाही, सडांवर फोड आल्याने धार काढू देत नाही, पुढे दगडी (कासदाह) होण्याचा धोका राहतो आणि त्या वेतात दूध पुन्हा पूर्वीच्या पातळीवर क्वचितच येते. संकरित गाई बऱ्या झाल्यावरही उन्हात धापा टाकत राहतात. रोगी आईचे दूध पिणाऱ्या वासराच्या किंवा रेडकाच्या हृदयावर या विषाणूचा आघात होऊन, तोंडात एकही फोड नसताना, ते अचानक दगावू शकते. दोन-तीन दिवसांच्या दुधासाठी दुभती वगळणारा पशुपालक म्हैस आणि रेडकू दोन्ही धोक्यात घालतो, हे आम्हाला मनापासून सांगावेसे वाटते.

यात आमचीही एक अडचण आहे. लसीची बाटली अनेक मात्रांची असते आणि बूच टोचल्यानंतर ती त्याच दिवशी संपवावी लागते. वगळलेल्या एका म्हशीसाठी आठ दिवसांनी फोन आला, म्हणजे नवी बाटली फोडावी लागते, उरलेली लस वाया जाते आणि त्या दिवशी दुसऱ्या गावाला दिलेली वेळ मोडते. म्हणून आम्ही संपूर्ण गोठ्याचेच लसीकरण करतो. काही ग्राहकांना हा आडमुठेपणा वाटतो. परंतु एका दावणीला बांधलेल्या जनावरांत लाळ, बादली आणि धार काढणाऱ्याचे हात यांवाटे हा रोग फिरत असल्याने अर्धा गोठा टोचण्याचे पैसे घेणे आम्हाला योग्य वाटत नाही. अपवाद फक्त ताप असलेल्या किंवा अशक्त जनावराचा आणि शेवटच्या महिन्यातील गाभण जनावराचा. धरपकडीचा ताण नको म्हणून अशा गाभण जनावराला आम्ही व्यायल्यानंतर टोचतो आणि त्याची तारीख आधीच लिहून ठेवतो.

लस अंगी लागण्यास दोन ते तीन आठवडे जातात. शेजारच्या गोठ्यात लाळ गळू लागल्यावर धावपळ करून टोचलेली लस त्या आठवड्यात उपयोगी पडत नाही. आपल्याकडे गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्यांचे बैल येतात, उसाच्या वाढ्यांची (हिरव्या शेंड्यांची) देवघेव होते आणि बाजारातून नवी जनावरेही येतात. त्यामुळे लाळ्या खुरकूताची एक फेरी दिवाळीपूर्वी आणि दुसरी सहा महिन्यांनी करावी. वासराला पहिली मात्रा चौथ्या महिन्यात आणि दुसरी त्यानंतर एका महिन्याने द्यावी लागते. ही दुसरी मात्रा चुकली, तर पहिलीवर भरवसा ठेवता येत नाही. घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच द्यावी. जास्त पावसाच्या राधानगरी आणि गगनबावड्याकडील म्हैसपालकांनी घटसर्पाबाबत विशेष दक्ष राहावे. लम्पीसाठी गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस वर्षातून एकदा दिली जाते.

बाटली विकत घेऊन घरीच टोचू इच्छिणाऱ्यांना आम्ही नकार देतो. लस 2 ते 8 अंश सेल्सियस तापमानात राहावी लागते. दुचाकीच्या डिकीतून ती उन्हात नेली किंवा फ्रीजरमध्ये गोठली, तर बाटली दिसायला तशीच राहते, पण तिचा गुण जातो. शिवाय एखाद्या जनावराला लसीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. त्यावरील इंजेक्शन हाताशी असावे म्हणून आमचे डॉक्टर टोचल्यानंतर अर्धा तास गोठ्यावर थांबतात. हा वेळ कृपया वाया गेला असे समजू नये. टोचलेल्या जागी गाठ आल्यास कोमट पाण्याने शेकावे, ती हळूहळू जिरते.

शासकीय दवाखान्यामार्फत लाळ्या खुरकूताची लस विनामूल्य दिली जाते आणि 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना सांसर्गिक गर्भपाताची लसही आयुष्यात एकदा दिली जाते. यांपैकी कोणतीही लस घेतली असल्यास आम्हाला नक्की सांगावे, आम्ही तीच लस पुन्हा टोचणार नाही. प्रत्येक जनावराच्या कानातील बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक आमच्या नोंदवहीत असतो आणि पुढील मात्रेच्या आठवडाभर आधी आपल्याला फोन केला जातो. या नोंदीचे वेगळे शुल्क नाही. गल्लीतील चार-पाच गोठे एकत्र आल्यास भेट शुल्क एकदाच आकारले जाते. नोंदणी आदल्या दिवशी सायंकाळपर्यंत करावी, सकाळची धार आटोपलेली असावी आणि सर्व जनावरे, दुभतीसह, दावणीला बांधलेली असावीत.